गिरणी, घाणा आणि पोह्यांचे पोते

मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. माझे शिक्षण मुंबईत एस. एस. सी. पर्यंत झाले आणि त्यापुढचे सगळे साच्यापुढे उभे राहून आणि शिलाई मशीनखाली वाकून. त्यामुळे जागतिक व्यापार, जागतिकीकरण अशा मोठ्या शब्दांवर मी काही लिहावे अशी माझी पात्रता नाही, हे आधीच कबूल करतो. पण मागच्या हानुक्कात आमचा नातू शाळेचा गृहपाठ घेऊन बसला होता. 'माझ्या कुटुंबातील कामधंदे' असा विषय. मी त्याला पणजोबा, खापरपणजोबांपासून सगळे सांगत गेलो आणि तो लिहीत गेला. शेवटी पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, "सबा, आपल्या घरात प्रत्येकाचा धंदा बंदच कसा पडतो?"

मुलाने सहज विचारले. घरातले सगळे हसले, मीसुद्धा हसलो. पण रात्री झोप लागेना. खरंच, आमचे सगळे धंदे बंद कसे पडले? कोणाची चूक? त्या प्रश्नाचे उत्तर शोधत हा लेख लिहायला बसलो आहे. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरची हकीकत थोडीफार अशीच असेल.

सुरुवात घाण्यापासून करतो. आपल्या समाजाला कोकणात 'शनिवार तेली' म्हणत, हे आपल्या मुलांना आता सांगावे लागते. शब्बाथला घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. माझ्या वडिलांचे आजोबा अलिबागजवळच्या गावात घाणा चालवीत. बैल डोळ्यांना झापड लावून गोल फिरायचा, लाकडी लाट करकरायची आणि तेल खाली भांड्यात उतरायचे. हे मी पाहिलेले नाही, वडिलांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकले आणि मी त्यांच्याकडून. त्या तेलावर स्वयंपाक व्हायचा आणि घराघरातले दिवेही जळायचे.

मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी मुंबई बंदरात रॉकेलचे डबे उतरू लागले. आधी अमेरिकेतून, मग रशियातून, बाकूकडचे. दिव्यात रॉकेल आले, ते स्वस्त होते आणि उजेडही बरा द्यायचे. दिव्याचे गिऱ्हाईक गेले. पुढे यंत्रावर तेल काढणाऱ्या गिरण्या निघाल्या, मग स्वयंपाकाचेही गिऱ्हाईक गेले. वडील सांगत, त्यांच्या आजोबांना शेवटपर्यंत वाटायचे की गावातल्या लोकांनी त्यांच्याशी बेइमानी केली. बाकू कुठे आहे हे त्यांना कोण सांगणार? गाव दिसत होते, म्हणून राग गावावर.

घाणा बंद पडला तेव्हा घरातली मुले धरमतरवरून बोटीने मुंबईला आली. त्या वेळी मुंबईत काम होते, कारण गिरण्या होत्या. पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. नंतर १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला पोहोचेना, म्हणून इंग्लंडने हिंदुस्थानचा कापूस वाटेल त्या भावाने घेतला. मुंबईत पैसा इतका आला की लोक वेडे झाले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळून पुष्कळांचे दिवाळे निघाले. म्हणजे गंमत पाहा, अमेरिकेत लढाई झाली आणि श्रीमंत झाली, बुडालीही, मुंबई. आज टीव्हीवर जागतिकीकरण ही नवी गोष्ट असल्यासारखे बोलतात तेव्हा मला हसू येते.

बगदादहून आलेल्या सासून घराण्याच्याही मुंबईत मोठ्या गिरण्या होत्या आणि तिथे आपल्याही लोकांना काम मिळायचे. माझे वडील आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे काका, दोघेही लालबाग-परळच्या बाजूला वेगवेगळ्या गिरण्यांत लागले. वडील साचेखात्यात जॉबर होते. मी लहान असताना भोंगा वाजला की आई घड्याळ न बघता चहाचे आधण ठेवायची. वडिलांच्या डोक्याच्या केसांत कायम कापसाची तुसे असायची. शब्बाथला ते डोके धुवून सीनागॉगला जात, तरी एखादे तूस राहायचेच.

१९७१ साली आम्ही आलिया केली. वडील, आई, मी आणि दोन बहिणी. काका म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं. माझी नोकरी पक्की आहे, प्रॉव्हिडंट फंड आहे. मी नंतर बघतो." मी त्या वेळी एकोणीस वर्षांचा होतो. आम्हाला नेगेवमधल्या गावात घर मिळाले आणि पंधरा दिवसांत मला तिथल्या कापड गिरणीत कामही मिळाले. मुंबईचा समुद्र सोडून वाळवंटात आलो आणि दारात पुन्हा गिरणीच! आई म्हणाली, "नशिबानं पाठ सोडली नाही."

वाळवंटात कापड गिरणी कशी आली, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. इथे कापूस पिकवायला सुरुवात झाली होती, पण त्यासाठी कोणी गिरण्या वाळवंटात नेत नाही. खरे कारण म्हणजे पन्नास आणि साठच्या दशकात हजारो ओलीम नव्या गावांत आणून बसवले होते आणि त्यांना काम पाहिजे होते. व्यापार-उद्योग मंत्री पिन्हास सापीर यांनी कारखानदारांना स्वस्त कर्जे, जमीन आणि सवलती देऊन दक्षिणेकडे पाठवले. जोडीला बाहेरच्या कापडावर एवढी जकात आणि एवढे परवाने की परदेशी सदरा ही चैन होती. थोडक्यात, आमच्या गिरणीला सरकारने भिंत बांधून दिली होती. भिंतीच्या आत असताना भिंत दिसत नाही. आम्हाला वाटायचे, आपला माल चांगला आहे म्हणून खपतो.

माल चांगला होताही. आमच्या पाळीत मोरोक्कोचे, रुमानियाचे, ट्युनिशियाचे आणि आपले बेने इस्राएल. भाषा चार, पण ताण्याचा धागा तुटला की सगळ्यांना एकदमच कळायचे. दुपारी डबे उघडायचे. आमच्या घरचा आंबट-तिखट रस्सा मोरोक्कोच्या एका दोस्ताला एवढा आवडायचा की तो माझा डबा खायचा आणि मी त्याच्या घरचा. वीस-बावीस वर्षे असे चालले. त्याच्याबद्दल पुढे लिहायचे आहे.

आता काकांकडे वळतो, कारण माझ्या मनाला जे लागून राहिले आहे ते इथे आहे.

१८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. पगारवाढ हवी होती, बोनस हवा होता, आणि ज्या मान्यताप्राप्त युनियनवर कामगारांचा विश्वास उरला नव्हता तिच्यातून सुटका हवी होती. काका संपात होते. आधी त्यांची पत्रे जोरात असत. "एक महिन्यात मालक वाकतात की नाही बघ." मग सहा महिने गेले. पत्रे बारीक झाली. काकूंचे मंगळसूत्र गेले, मग भांडी गेली. चुलत भावाने शाळा सोडली. त्या काळात भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग रात्रंदिवस चालत होते आणि गिऱ्हाइकाला कापड मिळत होते. गिरणी बंद होती, पण कापडाचा तुटवडा कुठेच नव्हता. खरी गोम इथे होती, पण ते तेव्हा काकांनाही कळले नाही आणि मलाही नाही. मालकांपैकी काहींना तर गिरणी चालण्यापेक्षा गिरणीखालची जमीन जास्त मोलाची वाटू लागली होती. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विरत गेला. काकांना पुन्हा कामावर घेतले नाही.

त्यांनी मला पत्र लिहिले. पैसे मागितले नव्हते, नुसती हकीकत लिहिली होती. आणि मी तिशीतला, कायम नोकरीवाला, मोठा शहाणा, मी उत्तर लिहिले : "काका, तुम्ही संप करायला नको होता. आमच्याकडे हिस्ताद्रूत आहे, सर्व बोलून मिटवतात. हात चालू ठेवला की कोणी काढत नाही." ते वाक्य मला आजही अक्षरन् अक्षर आठवते. पत्राबरोबर थोडे पैसेही पाठवले, त्यामुळे माझ्या मनाला वाटले की मी माझे कर्तव्य केले. काकांचे उत्तर आले नाही. नंतर सणासुदीला पत्रे आली, पण त्यात हवापाणी आणि तब्येत, याशिवाय काही नसायचे.

इकडे आमची भिंतही खचत होती. १९८४ मध्ये इस्राएलमध्ये महागाई चारशे टक्क्यांच्या वर गेली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको. पगार हातात पडला की बायको तशीच मकोलेतमध्ये धावायची, कारण उद्या भाव वेगळा. लोक टेलिफोनचे असीमोन साठवून ठेवीत, कारण पैशापेक्षा असीमोनची किंमत टिकायची! जुलै १९८५ मध्ये सरकारने कडक योजना आणली, सरकारी खर्च आणि मदती कापल्या, आणि त्याच वर्षी हजार जुन्या शेकेलचा एक नवा शेकेल झाला. महागाई खाली आली, देश वाचला, हे खरे. पण मदतीवर जगणारे कारखाने उघडे पडले. उत्तरेकडची 'अता' ही सगळ्या देशाला कपडे घालणारी जुनी गिरणी त्याच १९८५ साली बंद झाली. आम्ही पेपरात वाचले आणि म्हटले, ती तिकडे, आपण इकडे.

युरोपशी व्यापार खुला करण्याचा करार १९७५ मध्येच झाला होता, अमेरिकेशी १९८५ मध्ये झाला. पण युरोप-अमेरिकेची आम्हाला भीती नव्हती, त्यांच्या कामगाराचा पगार आमच्यापेक्षा कमी नव्हता. भीती आशियाची. १९९१ साली सरकारने ठरवले की बाकीच्या देशांच्या मालावरचे परवाने काढायचे, त्या जागी जकात ठेवायची आणि ती जकात टप्प्याटप्प्याने उतरवत न्यायची. कापडाला थोडी जास्त वर्षे दिली, पण तारीख ठरली. बर्फाच्या लादीवर उभे राहिल्यासारखी आमची स्थिती झाली. आणि योगायोग असा की त्याच १९९१ च्या जुलैत तिकडे भारतानेही आपले दरवाजे उघडले. माझ्या दोन्ही घरांनी एकाच वर्षी भिंती पाडायला घेतल्या. पुढच्या जानेवारीत, १९९२ मध्ये, दोन्ही देशांचे पूर्ण राजनैतिक संबंध झाले. त्या दिवशी आम्ही घरात पुरणपोळी केली होती. एकाच बदलाची ही गोड बाजू.

गिरणीत तोवर साचेखाते निम्मे झाले होते. मी शिलाई विभागात मशीनचा फिटर म्हणून गेलो. १९९४ मध्ये जॉर्डनशी शांतता करार झाला. टीव्हीवर तो समारंभ बघताना आम्ही सगळे रडलो होतो, त्यात खोटे काही नाही. तीन वर्षांनी, १९९७ च्या उन्हाळ्यात, आम्हाला बोलावून सांगितले की शिलाई आता जॉर्डनमध्ये होणार. तिथे आमच्या एकाच्या पगारात पाच-सहा मुली काम करतात. शिवाय अमेरिकेने नवी सवलत दिली होती. जॉर्डनच्या ठरावीक औद्योगिक वसाहतीत इस्राएलचा ठरावीक हिस्सा घालून तयार केलेला माल अमेरिकेत जकातीशिवाय जाणार. कापड, इलॅस्टिक, दोरा इथला, शिलाई तिथली. कागदावर सगळ्यांचा फायदा. आमचा तोटा कागदावर एका ओळीत बसला : दर वर्षामागे एक महिन्याचा पगार.

आम्ही संप केला नाही. काही दिवस फाटकासमोर टायर जाळले, पुढारी येऊन गेले, फोटो काढले. हिस्ताद्रूतने बोलणी केली, भरपाई थोडी वाढली. पण गिरणी गेली. म्हणजे काकांनी संप केला, त्यांची गेली. मी हात चालू ठेवला, माझीही गेली. फक्त माझ्या हातात भरपाईचा चेक होता आणि काकांच्या हातात काही नव्हते. हा फरक लहान नाही, पण तो माझ्या शहाणपणामुळे पडला नव्हता. मी ज्या देशात होतो तिथल्या कायद्यामुळे पडला होता.

मग व्यवस्थापकाने मला एकट्याला बोलावले. म्हणाला, "दोन वर्षे जॉर्डनला ये. मशीन बसव, मुलींना शिकव. पगार पूर्ण." मी बायकोशी बोललो. मुलगा सैन्यात होता, मुलीचे लग्न ठरत होते. मी हो म्हटले. दुसऱ्या दिवशी डब्यावाला माझा तो मोरोक्कोचा दोस्त माझ्याकडे आला आणि म्हणाला, "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर घे. पण तोच धोंडा आमच्या पायावर कशाला?" तो त्यानंतर माझ्याशी बोलला नाही. रस्त्यात दिसला की पलीकडच्या बाजूला जायचा. तो वारला तेव्हा मी शिवाला गेलो, त्याच्या बायकोने मला खुर्ची दिली, चहा दिला. एवढेच.

इर्बिदच्या त्या कारखान्यात सव्वाशे मुली होत्या. आम्ही बेत शेआनजवळच्या पुलावरून रोज सकाळी व्हॅनने जायचो. पहिल्या आठवड्यात मी मनात राग धरूनच शिकवले. यांनी आपले काम घेतले, असे वाटायचे. एक एकोणीस वर्षांची मुलगी होती, ओव्हरलॉकवर बसायची. तिची सुई सारखी तुटायची. मी तिला दाखवले की कापड ओढायचे नाही, दातरे त्याला आपोआप पुढे नेतात. दुसऱ्या दिवशी तिने शिवलेली बाही माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "अम्मो, असं?" अम्मो म्हणजे अरबीत काका. चुलतच, वडिलांचा भाऊ. मी चमकलो. मला क्षणभर माझे काका आठवले, परळच्या चाळीत बसलेले, आणि माझे ते पत्र. नंतर कळले की तिच्या घरात पहिल्यांदा पगार आणणारी तीच, आणि त्या पगारावर दोन भाऊ शिकत होते. मीसुद्धा एकोणिसाव्या वर्षीच गिरणीत लागलो होतो. त्यानंतर मला तिच्यावर राग धरता आला नाही. पण मोरोक्कोच्या दोस्तालाही मी चुकीचा म्हणू शकलो नाही. हे दोन्ही माझ्या पोटात एकत्र राहिले, अजून आहेत.

माझी दोन वर्षे संपली. पुढे २००१ च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. १ जानेवारी २००५ पासून कापडावरचे जुने कोटे जगभर उठले. १९७४ पासून चाललेली ती व्यवस्था संपली आणि ज्यांना कोट्यामुळे ऑर्डरी मिळत त्यांच्या ऑर्डरी चीन-बांगलादेशकडे जाऊ लागल्या. इर्बिदच्या एका मेकॅनिकचा मला सणाला फोन यायचा. त्याने सांगितले की आमची ती लाइन बंद झाली, आणि शेजारच्या कारखान्यांत आता बांगलादेश आणि श्रीलंकेहून आणलेल्या मुली राबतात, कारण त्या आणखी स्वस्त पडतात आणि वसतिगृहातच राहतात. मी विचारले, "आपल्या मुली?" तो म्हणाला, "घरी." ती ओव्हरलॉकवाली कुठे असेल, ठाऊक नाही.

मी स्वतः सत्तेचाळीस वर्षांचा होतो. लिश्कात गेलो की बाई नाव बघायच्या आधी वय बघायची. २००२-०३ मध्ये तर देशात बेकारी दहा टक्क्यांच्या वर होती. रात्रीचा पहारेकरी झालो. एका बाजूने किर्यत गतमध्ये इंटेलचा मोठा चिप कारखाना १९९९ मध्ये चालू झालेला आम्ही बघत होतो. ज्या गावात लोकरीचे कापड निघायचे तिथे आता नखाएवढ्या चिपा निघत होत्या. देशाचा फायदा झाला यात शंका नाही. पण साच्यावरून उठलेला माणूस त्या स्वच्छ खोलीत कसा जाणार? त्याचा मुलगा जाईल. माझा जावई गेला. मधल्या पिढीचे काय, याचा हिशोब कुठल्याच तक्त्यात मी पाहिला नाही.

२००६ मध्ये आम्ही मुंबईला गेलो. काका थकले होते, पण डोके साफ होते. मी त्यांना टॅक्सीत घालून परळला नेले. एका जुन्या गिरणीच्या आवारात मॉल झाला होता, चिमणी तशीच ठेवली होती. चुलत भावाचा मुलगा त्याच भागातल्या एका ऑफिसात रात्रभर अमेरिकेच्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचा. म्हणजे तिसरी पाळी चालू होती, फक्त भोंगा नव्हता. काका मॉलमधल्या बाकावर बसले आणि म्हणाले, "इथं आमचं बॉबिन खातं असेल बघ."

मी त्यांना त्या पत्राबद्दल बोललो. म्हटले, "काका, मी तुम्हाला फार वाईट लिहिलं होतं. मला काही कळत नव्हतं." ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "पत्र मी ठेवलं नाही. तुझ्या काकूनं पैसे ठेवले, त्याचं रेशन आणलं." मग मी इर्बिदचे सगळे सांगितले, दोस्ताचेही. विचारले, "मी जायला नको होतं का?" ते म्हणाले, "भिवंडीला मागावर कोण होतं, ठाऊक आहे? आमच्यातलेच. संपात घरी बसलेले, पोरं उपाशी, म्हणून गेलेले. मी त्यांना शिव्या दिल्या. मग माझाच पोरगा गेला." एवढे बोलून ते उठले आणि म्हणाले, "चल, इथला चहा पन्नास रुपये आहे, बाहेर पिऊ." काका आता नाहीत. त्यांनी मला माफ केले की नाही हे त्यांनी सांगितले नाही, पण चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

त्याच फेरीत बायकोने भायखळ्याच्या बाजारातून कोकम, मसाले आणि पोहे भरभरून आणले. परत आल्यावर शेजारणींनी ते दोन दिवसांत संपवले. त्यातून आमचे छोटे दुकान निघाले. आयात करणाऱ्याकडून माल घ्यायचा आणि विकायचा. न्हावा शेव्याहून कंटेनर निघतो, सुवेझमधून अश्दोदला येतो. दुकानदार झाल्यावर मला जगाचा नकाशा पाठ झाला. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' जहाज सहा दिवस सुवेझमध्ये आडवे अडकले तेव्हा माझी तूरडाळ त्याच्यामागे रांगेत होती. त्या वर्षी कंटेनरचे भाडे एवढे चढले की आत भरलेल्या डाळीपेक्षा डब्याचीच किंमत मोठी वाटू लागली.

मग ७ ऑक्टोबर २०२३ आले. त्यावर मी इथे लिहीत नाही, ते लिहिणे माझ्याच्याने होणार नाही. नोव्हेंबरपासून हूथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि मोठ्या कंपन्यांची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. दहा-पंधरा दिवस जास्त, भाडे जास्त, विमा जास्त. एलात बंदर तर जवळजवळ ओस पडले. जानेवारी २०२४ मध्ये तू बिश्वात तोंडावर आला आणि माझ्याकडे पोह्यांची अकरा पोती उरली. आयातवाला म्हणाला, "पुढचा माल कधी येईल सांगत नाही, आणि येईल तो दीडपट भावानं."

व्यापाराचा नियम असा की ज्या भावाने पुढचा माल घ्यावा लागणार त्या भावाने आजचा विकावा, नाहीतर गल्ल्यातल्या पैशात पुढचे पोते येत नाही. मी नवा भाव लिहायला पाटी हातात घेतली. बायको म्हणाली, "हे मलिद्याचे पोहे आहेत, सट्ट्याचे नाहीत. या वर्षी किती घरांत एलियाहू हन्नाबीचा नवस बोललाय, माहीत आहे ना? मुलं सैन्यात आहेत लोकांची." मी पाटी खाली ठेवली. जुन्या भावाने विकले, एका घराला एक किलो. आठवड्यात संपले. पुढचा माल घेताना खिशातले घालावे लागले. अर्थशास्त्राच्या पेपरात मी नापास झालो असतो. पण त्या आठवड्यात ज्या बाया आल्या त्या अजूनही आमच्याकडेच येतात, एवढे सांगतो.

जग अजून तसेच हलते आहे. सुरतेत जगातले बहुतेक हिरे पैलू पाडून निघतात, त्यातले पुष्कळ रामत गनच्या बाजारातून जातात-येतात. भारत-इस्राएल व्यापाराचा मोठा हिस्सा वर्षानुवर्षे हिऱ्यांचाच होता. पैलू पाडण्याचे काम इथून सुरतेकडे गेले तेव्हा इथले कारागीर बसले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारताच्या पुष्कळ मालावर पन्नास टक्के जकात लावली तेव्हा सुरतेच्या कारागिरांना घोर लागला. हैफा बंदर जानेवारी २०२३ मध्ये अदानी समूह आणि इथल्या गदोत कंपनीकडे आले. माझे वडील मुंबई बंदरातून इकडे यायला निघाले तेव्हा कोणी असे सांगितले असते तर त्यांनी त्याला वेड्यात काढले असते.

नातवाच्या प्रश्नाला मी शेवटी असे उत्तर दिले. एका कागदावर दोन रकाने पाडले. एका बाजूला 'काय बंद पडले' आणि दुसऱ्या बाजूला 'कशामुळे'. घाणा : बाकूचे रॉकेल आणि तेलाच्या गिरण्या. काकांची गिरणी : यंत्रमाग आणि जमिनीचा भाव. माझी गिरणी : जकात उतरली आणि शिलाई नदीपलीकडे गेली. तो म्हणाला, "म्हणजे आपल्या गावातल्या कोणाचीच चूक नव्हती?" मी म्हटले, "गावातल्या लोकांवर राग मात्र सगळ्यांनी काढला." मग तो म्हणाला, "आणखी एक रकाना पाहिजे. नंतर काय केलं." तो त्याने स्वतःच भरला. मुंबईला गेले, इस्राएलला आले, पहारा केला, शिकवले, दुकान काढले. 'शिकवले' हा शब्द त्याने आपल्या मनाने लिहिला. मी खोडला नाही.

आपल्या समाजातील ज्यांनी डिमोना, येरूहाम, ओफाकीम, किर्यत गत किंवा मुंबईच्या गिरण्यांत काम केले असेल त्यांनी आपल्या आठवणी जरूर लिहून पाठवाव्यात. लिहिता येत नसेल तर नातवंडांना सांगाव्यात आणि त्यांच्याकडून लिहून घ्याव्यात. तो तिसरा रकाना प्रत्येक घरात भरलेला असणार, फक्त कोणी विचारलेले नसते.

सर्व वाचकांना शालोम.